दगडातला उजेड आणि कामगाराची रात्र

ह्या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांची काही एक अपेक्षा असते. अजिंक्यतारा, छत्रपतींची गादी, पत्री सरकार, ह्यांपैकी काही तरी कानावर पडावे असे त्यांना वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. आमचे शिक्षण गेटसभेत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रात्रपाळीनंतर वाचलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा आम्ही आमच्या कुवतीचा विषय निवडला आहे. अंधारात ठेवलेल्या काही दगडांवर न दिसणारे किरण पाडले असता ते दगड हिरवे, पिवळे, तांबडे उजळतात. ह्या चमत्काराचा आणि कारखान्यातल्या रात्रपाळीचा संबंध काय, एवढेच आज पहावयाचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. कृष्णेच्या किंवा कोयनेच्या वाळवंटात सापडलेल्या दोन पांढऱ्या गारगोट्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासून पाहिल्या नाहीत असा आमच्या पिढीचा मनुष्य विरळा. घासताच आत फिकट उजेड चमकतो आणि जळका वासही येतो. तो घर्षणाचा उजेड. आम्ही ज्याविषयी बोलत आहो तो निराळा. त्यात दगडाला हात लावावा लागत नाही. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे जे किरण असतात ते जंबुपार किंवा अतिनील किरण. ते दगडावर पडतात आणि दगड दिसणारा उजेड परत देतो. पुस्तकांत ह्याला अनुस्फुरण अथवा प्रतिदीप्ती म्हणतात.

हे अदृश्य किरण रिटर नावाच्या जर्मन संशोधकाने १८०१ साली शोधून काढले. पुढे १८५२ साली केंब्रिजच्या स्टोक्स ह्या गणितज्ञाने त्या उजेडाचा नियम सांगितला. त्याने हाताशी घेतलेल्या पदार्थांत क्विनाईनचे पाणीही होते. हिवतापावर पोस्टातून पुड्या मिळत असत तेच क्विनाईन. त्याचे पाणी उन्हात धरले की कडेला निळसर झाक दिसते. स्टोक्सने म्हटले की पदार्थ जो प्रकाश गिळतो त्याहून जो बाहेर टाकतो तो कमी ताकदीचा असतो. फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून त्याने ह्या गुणाला इंग्रजी नाव दिले. कामगाराला हा नियम समजावून सांगण्यास फार कष्ट पडत नाहीत. मुकादम वरून मोठी नोट घेतो आणि खाली चिल्लर वाटतो; मधला फरक त्याच्याकडे राहतो. दगडाचेही तसेच. वरून मोठी नोट येते, खाली हिरवी-पिवळी चिल्लर पडते आणि मधला फरक उष्णतेच्या रूपाने दगडातच जिरतो.

आता आमच्या भागाकडे वळू. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला आणि थरांवर थर साचलेला लाव्हा. अजिंक्यतारा त्याचाच, वर्धनगड त्याचाच, घराची जोती आणि गावची विहीरही त्याचीच. हा पाषाण बहुतांशी सिलिकेटांचा बनलेला आहे. परंतु अंधारात त्यावर जंबुपार दिवा धरला तर तो काळाच राहतो. कारण त्यात लोह भरपूर आहे. लोह हा असा मुकादम की तो नोट घेतो आणि चिल्लर मुळीच वाटत नाही. महाबळेश्वर-कासच्या पठारावरचा जांभा दगड तर लोहानेच तांबडा झालेला. त्याच्याकडून उजेडाची अपेक्षाच नको.

मात्र ह्या काळ्या पाषाणाच्या पोटात पोकळ्या असतात. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. पुढे त्यांत पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट अशी त्यांची शास्त्रीय नावे. विहिरीच्या सुरुंगात ते निघाले की खणणारे गारा म्हणून बाजूला टाकतात. ह्यांत लोह नसल्यासारखेच असल्यामुळे ह्या कुळातले काही नमुने अदृश्य किरणांत मंद पांढरे-पिवळे उजळतात, पुष्कळसे मुळीच उजळत नाहीत. नाशिककडे सापडणारे पॉवेलाइट मात्र ठळक पिवळे पेटते. पण ते सिलिकेट नव्हे, मॉलिब्डेनमचे खनिज. ब्रुक नावाच्या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने १८३१ साली ह्या भागातल्या एका खनिजाला पुण्याचे नाव देऊन 'पूनालाइट' म्हटले. ते वेगळे खनिज नसून स्कोलेसाइट-मेझोलाइटच्या कुळातलेच असल्याचे पुढे ठरले आणि ते नाव बाद झाले.

हे स्फटिक युरोपच्या संग्रहालयांत कसे पोचले हा खरा इतिहास आहे. बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ पासून चालले आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. २५ बोगदे, अठराशे फुटांहून अधिक चढ, आणि सारे खोदकाम हाताने, सुरुंगाने. कड्यावर दोरखंडाला लोंबकळत भोके पाडावी लागत. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे कामाला होती. त्या कापणीत जे अ‍ॅपोफिलाइट निघाले त्याची कीर्ती खनिजप्रेमी मंडळींत अजून आहे. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग ह्यांनी किती माणसे गेली ह्याचा अंदाज सुमारे २५,००० असा केला जातो. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यामुळे तेथे दंगा झाला आणि त्याच वर्षी ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरून थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका चालविला. तिचे नाव इतिहासात आले ते योग्यच. पण मजुरी थकली म्हणून उठलेल्यांपैकी एकाचेही नाव आम्हाला सांगता येत नाही. संग्रहालयातल्या दगडाखाली स्थळ लिहिलेले असते, 'पूना'. खणणाऱ्याचे नाव लिहिण्याची चालच नाही.

सिलिकेटाचा उजेडाशी आमच्याकडचा पहिला थेट संबंध जुळला तो कऱ्हाडजवळ. १९१६ साली ओगले बंधूंनी तेथे काचेचा कारखाना काढला आणि त्या वस्तीचे नाव ओगलेवाडी पडले. किर्लोस्करवाडी १९१० ची. कूपरांचा सातारा रोडचा कारखाना १९२२ चा. कर्मवीर भाऊराव पाटील ह्या तिन्ही कारखान्यांशी काही काळ संबंधित होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ओगल्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. वाळू, सोडा आणि चुना वितळवून काच होते. म्हणजे काच हेही सिलिकेटच. वाळूत लोहाचा अंश असला की काच हिरवट होते. ती हिरवट झाक मारण्यासाठी काचवाले जुन्या काळापासून चिमूटभर मँगेनीज टाकीत आले. त्याला ते काचेचा साबण म्हणत. अशी मँगेनीज घातलेली जुनी काच जंबुपार दिव्याखाली धरली तर मंद हिरवी उजळते. चौदाशे अंशांच्या भट्टीपुढे उभे राहून फुंकनळीने काच फुगविणाऱ्या कारागिराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कारखाना पुढे बंद पडला. कंदील मात्र कोणाकोणाच्या माळ्यावर अजून सापडतो.

हेच मँगेनीज आपल्याला अमेरिकेत नेते. जस्ताचे एक सिलिकेट आहे, विलेमाइट. १८३० च्या सुमारास ते बेल्जियमकडच्या खाणींत ओळखले गेले आणि हॉलंडचा राजा विल्यम ह्याचे नाव त्याला मिळाले. पण त्याची खरी पेठ न्यू जर्सीतले फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल. तेथल्या विलेमाइटात मँगेनीजचा अंश आहे आणि त्यामुळे ते जंबुपार किरणांत असे हिरवे पेटते की पाहणाऱ्याने दगडात दिवा लपविला आहे काय म्हणून शोधावे. शोभेची वस्तू म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले; खाणवाल्या कंपनीला त्याचा उपयोग निराळा होता. धातुक चुरून निवडल्यावर जो कचरा बाहेर पडे त्यावर लोखंडी टोकांमधल्या विद्युत्-ठिणगीचा प्रकाश पाडीत. कचऱ्यात हिरवे कण दिसले की जस्त फुकट चालले असे समजावे. तेथले खाणकामगार जेवणाच्या डब्यातून चांगले दगड घरी नेत असे सांगतात. फ्रँकलिनची खाण १९५४ साली आणि स्टर्लिंग हिलची १९८६ साली बंद झाली. आता लोक तिकीट काढून ते हिरवे दगड पहावयास जातात.

इकडे तोवर विजेचा उजेड कारखान्यांत शिरला होता. त्याने काय केले हे आमच्या जिल्ह्यांना पुरते ठाऊक असावे, कारण मुंबईच्या गिरण्यांत घाटावरून गेलेली माणसे पुष्कळ आणि त्यांत साताऱ्याची फार. दिवे नव्हते तोवर गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता बंद होई. सूर्य हाच काय तो कामगाराचा कायदा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून चळवळ केली आणि १८९० साली आठवड्याची सुटी मिळाली, तेव्हाही रोजचे तास सूर्याच्याच हाती होते. पुढे गिरण्यांतून विजेचे दिवे लागले आणि १९०५ साली तेजीच्या दिवसांत काम चौदा-पंधरा तासांवर गेले. कामगार बिथरले, रस्त्यावर आले. त्यानंतर चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली गेली. उजेड स्वस्त झाला की तास लांबतात, असे आम्ही गेटसभेत सांगतो तेव्हा तरुण मुले हसतात. त्यांनी १९०५ साल एकदा वाचावे.

आता नळीचा दिवा. साधा बल्ब तार तापवून उजेड देतो आणि बहुतेक वीज उष्णतेत घालवितो. काचेच्या नळीत पाऱ्याची थोडी वाफ ठेवून वीज सोडली तर ती वाफ मुख्यत्वे जंबुपार किरण देते. नळीच्या आतल्या बाजूस अनुस्फुरण करणारी पूड चोपडली की तेच किरण पांढरा उजेड होऊन बाहेर पडतात. उरलेले जंबुपार किरण काच अडविते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी १९३४ पासून ही नळी व्यवहारात आणली आणि १९३८ साली ती विक्रीस आली. आरंभीच्या पुडींत मुख्य होती ती विलेमाइटाचीच भट्टीत बनविलेली बहीण, म्हणजे जस्ताचे सिलिकेट. तिचा उजेड हिरवा. तो पांढऱ्याकडे झुकावा म्हणून तीत बेरिलियम मिसळू लागले. पाचू ज्या कुळातला, त्या वैदूर्य खनिजातून निघणारा हा हलका धातू. उजेड सुंदर पडू लागला. ४० वॅटची नळी १५० वॅटच्या बल्बाएवढे उजळते म्हटल्यावर युद्धकाळातल्या कारखान्यांनी तिचे स्वागत केले ह्यात नवल नाही.

मॅसॅच्युसेट्स प्रांतात सेलम म्हणून गाव आहे. तेथल्या दिव्यांच्या कारखान्यात काम केलेल्या तरुण मुली खोकू लागल्या, वाळू लागल्या, जिना चढताना धापा टाकू लागल्या. क्षय म्हणावा तर जंतू सापडत नव्हते. काहींनी काम सोडून वर्षे लोटल्यावर रोग उठला. गावाच्या नावाने त्या दुखण्याला एक टोपणनावही पडले. १९४३ साली तिकडच्या सरकारी आरोग्यखात्याच्या एका पत्रिकेने बेरिलियम हे स्वतः विषारी नाही असा निर्वाळा दिलेला होता, त्यामुळे कारखान्याकडे बोट दाखविणे कठीण. डॉ. हॅरिएट हार्डी ह्या बाईंनी एकेक रुग्णाची विचारपूस केली, कोण कुठल्या खात्यात होते ते लिहून काढले, आणि १९४६ साली डॉ. टॅबरशॉ ह्यांच्यासह १७ कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. पुडीच्या धुळीनेच फुप्फुसे गेली होती. ओहायोत बेरिलियम गाळणाऱ्या एका कारखान्याच्या शेजारच्या वस्तीतही तोच रोग निघाला. कामगाराचे कपडे घरी धुणाऱ्या बाईला तो झाला. फुटलेल्या नळीची काच लागून झालेल्या जखमा भरून येत नसत, हेही दिसून आले. १९४९ साली दिव्यांच्या उद्योगाने बेरिलियमची पूड बंद केली.

एवढ्या तत्परतेने बंद करता आली, कारण बदली पूड तयार होती. लंडनच्या कारखान्यातल्या मॅककीग व रॅन्बी ह्यांनी १९४२ साली कॅल्शियमच्या हॅलोफॉस्फेटाची पूड शोधली होती. माणसाच्या हाडांत जे खनिज असते त्याच्या कुळातली ती. ती स्वस्त होती, चांगलीही होती. रोग उघडकीस आला नसता तरी स्वस्ताईने बेरिलियम केव्हा तरी गेलेच असते, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर एवढेच की १९४२ आणि १९४९ ह्यांच्यामध्ये सात वर्षे आहेत, आणि पुड्या मळणाऱ्या मुली त्या सात वर्षांत कामावर येत होत्या.

बेरिलियम दिव्यांतून गेले, अणुशक्तीच्या कारखान्यांत मात्र राहिले. तेथे हवेत ते किती चालेल ह्याची मर्यादा ठरवावयाची होती. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे आयझेनबड आणि त्यांचे सहकारी डॉ. मॅकल ह्यांनी ती एका टॅक्सीत बसून ठरविली, ही हकीकत स्वतः आयझेनबड ह्यांनीच पुढे सांगितली आहे. जड धातूंना घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम चालतात, बेरिलियमचा अणू त्यांच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका हलका, म्हणून ५, आणि सावधगिरी म्हणून २. टॅक्सीतला हा २ चा आकडा तिकडे जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. २०१७ साली तो ०.२ वर आणला गेला. ज्यांना वाटते की सुरक्षिततेचे आकडे आभाळातून पडतात त्यांनी ही हकीकत घरी भिंतीवर लावावी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळविण्याजोग्या रोगांची यादी होती. तीत बेरिलियमची विषबाधा आणि खडी-वाळूच्या धुळीचा सिलिकोसिस ही दोन्ही नावे होती. पहिला रोग आमच्या पाहण्यात नाही. दुसरा क्रशरवर आणि फौंड्रीच्या वाळूत काम केलेल्यांत आम्ही पाहिला आहे, आणि कागदावर बहुधा त्याचे नाव क्षय असेच पडते.

कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. पोफळीचे वीजघर डोंगराच्या पोटात, त्याच पोकळ्यांच्या काळ्या पाषाणात कोरलेले. पहिली वीज मुंबईकडे गेली. धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या नव्या वस्त्यांत खांब पोचावयास बराच काळ लागला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली तेव्हा तो प्रदेश साऱ्या देशाला ठाऊक झाला. हळूहळू सांगली-मिरजेच्या वर्कशॉपांत, विट्याच्या यंत्रमागांवर, साखर कारखान्यांत पांढऱ्या नळ्या लागल्या आणि रात्रपाळी ही नेहमीची गोष्ट झाली. मागावर धागा तुटलेला दिसतो तो ह्या उजेडामुळे, आणि डोळे चुरचुरतात तेही त्याखालीच.

ह्याच भागातल्या एका कारखान्यात जंबुपार दिव्याशी आमची निराळी ओळख झाली. घडीव भागांत बारीक तडा आहे काय हे पाहण्यासाठी भागाला चुंबकत्व देतात, त्यावर अनुस्फुरण करणारी लोहपूड तेलातून सोडतात आणि काळ्या पडद्याच्या खोलीत जंबुपार दिवा धरतात. तडा असेल तेथे पूड गोळा होऊन पिवळी-हिरवी रेघ उमटते. तेथे चार मुले आठ तास अंधारात बसत. दिव्याची गाळणीची काच तडकलेली होती, म्हणजे घातक किरणही बाहेर पडत, आणि चष्मे कपाटात कुलूपबंद होते; हरवतील म्हणून. एकाच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन तो रात्रभर झोपला नाही तेव्हा प्रकरण आमच्याकडे आले. मागण्या तीनच होत्या: नवी काच, हाताशी चष्मे आणि दर दोन तासांनी पाळीबदल. पहिल्या दोन महिन्याभरात मिळाल्या. तिसरीसाठी सात महिने वाटाघाटी चालल्या, कारण काच आणि चष्मा एकदाच विकत घ्यावा लागतो, माणसाचा वेळ रोज. अखेर करारात कलम आले. त्या मुलांपैकी एकाने पुढे आम्हाला खिशातून एक गार काढून दाखविली. विहिरीवर सापडलेली, आणि दिव्याखाली मंद पिवळी दिसणारी. त्याने ती पडद्याआड तपासून ठेवली होती. सुपरवायझरची नजर चुकवून अर्थात.

आता नळ्याही जात आहेत. निळ्या एलईडीवर अनुस्फुरण करणारी पूड बसवून पांढरा उजेड काढतात. त्या पुडींत गार्नेटासारख्या रचनेची एक आणि स्ट्राँशियम-बेरियमची सिलिकेटे आहेत, म्हणजे सिलिकेट परत दिव्यात आले आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा बैठकीत असे ठरले की अनुस्फुरणाच्या नळ्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत जगभर थांबवावयाचा. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्यात धरून वेगळे गोळा करावेत असा नियम आपल्याकडे २०१६ पासून आहे. कारखाने, शाळा, बाजार समित्या ह्यांनी उतरविलेल्या नळ्या मात्र भंगाराच्या दुकानांत ढिगांनी येऊन पडतात. दोन्ही टोकांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्यांना किंमत आहे, काचेला थोडी आहे, पाऱ्याला काही नाही. तेव्हा दुकानातला पोरगा नळी गुडघ्याशी धरून टोपी पिरगळतो, नळी फट्‌कन फुटते, पांढरी पूड त्याच्या हातावर आणि शर्टावर उडते. तो फुंकर मारून ती झटकतो आणि पुढची नळी उचलतो. आमच्या संघटनेने गेल्या वर्षापासून अशा दुकानांतल्या मुलांची नावे वहीत लिहून घ्यावयास प्रारंभ केला आहे.